पावसाळ्यात ताडोब्याला निघालेल्या पर्यटकांस खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

जून लागला की मुंबई-पुण्याहून, नागपूरहून, हैदराबादहून आमच्याकडे एकच विचारणा सुरू होते : ताडोबा चालू आहे की बंद? उत्तर सरळ आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतो आणि १ ऑक्टोबरला उघडतो. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी, सगळी द्वारं बंद. बफरमधली, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातली, काही द्वारं पावसाचा आणि रस्त्यांचा अंदाज घेऊन चालू ठेवतात. एवढं कोणताही रिसॉर्टवाला तुम्हाला फोनवर सांगेल. त्याच्यापुढचं तो सहसा सांगत नाही, म्हणून हे पत्र.

गाभा बंद आहे हे कळल्यावर लोक तीन गोष्टी करतात. काही जण ओळखी काढतात, आत सोडता येईल का म्हणून विचारतात. काही जण ‘मग बफर तर बफर’ म्हणत दोन दिवसांत चार-चार फेऱ्या लावतात आणि वाघ दिसला नाही की गाईडवर चिडतात. आणि बरेच जण येणंच रद्द करतात, कारण वाघ नसेल तर चंद्रपुरात बघायचं काय, असं त्यांना मनापासून वाटतं. मी चंद्रपूरची. या तिन्ही प्रकारच्या लोकांशी मला बोलायचं आहे, आणि सगळ्यात जास्त तिसऱ्यांशी.

आधी बंद का, ते नीट समजून घ्या, कारण याबद्दल एक चुकीची समजूत फार पसरली आहे. ‘पावसाळा हा वाघांच्या मीलनाचा काळ असतो, म्हणून जंगल बंद’ असं गाडीत, हॉटेलात, कधीकधी गाईडच्या तोंडूनही ऐकू येतं. वाघीण वर्षात केव्हाही पिलं घालते, तिला ठरावीक मोसम नाही. तीन महिने बंद ठेवण्याची कारणं वाघाच्या पायाखाली आहेत. आतले बहुतेक रस्ते कच्चे आहेत. ओल्या मातीत जिप्सीची चाकं रुतली की चाकोऱ्या पडतात, पुढच्या सरीत त्याच चाकोऱ्यांतून पाणी वाहू लागतं आणि ऑगस्टपर्यंत रस्त्याच्या जागी नाला झालेला असतो. गाडी चुकवायला दुसरी गाडी कडेच्या गवतावर चढते, आणि ते गवत त्याच वेळी वाढत असतं. त्या गवताला फुलोरा येऊन, बी धरून, ते जमिनीवर पडायला पावसाळ्याचा शेवट उजाडतो. हे बी पडलं नाही तर पुढच्या उन्हाळ्यात चितळ-सांबरांनी खायचं काय?

ताडोब्यातली कुरणं कुठून आली, हेही जाता जाता सांगते. जामणी, नवेगाव, बोटेझरी ही आतली गावं होती. माणसं उठून बाहेर गेली, त्यांची शेतं आणि अंगणं गवताला मिळाली. आज ज्या मोकळ्या माळावर तुम्हाला गव्यांचा कळप दिसतो, तिथे कोणाच्या तरी आजोबांनी नांगर धरलेला आहे. ज्यांनी कायमचं घर सोडलं त्यांच्या तुलनेत आपल्याला तीन महिने बाहेर थांबायचं आहे.

मे महिन्यात तुम्ही आलेले असाल तर आठवून बघा. चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर, कधी ४७ ला. सागाची पानं गळून गेलेली, सगळं जंगल आरपार दिसतं. पाणी उरतं ते मोजक्या पाणवठ्यांवर, आणि पाणवठ्यापाशी जिप्सींची रांग. जनावराला तहान लागली तरी आपल्या कॅमेऱ्यांसमोरूनच जावं लागतं. मग मृगाची पहिली सर येते, मखमली लाल मृगाचे किडे जमिनीवर दिसू लागतात, आणि दोन-तीन आठवड्यांत सगळं बदलतं. पाणी खोऱ्याखोऱ्यांत उपलब्ध होतं, जनावरं पांगतात. बांबूच्या रांजीतून कोंब वर येतात. नवरंग पक्षी दक्षिणेकडून येऊन घरटं बांधतो. तळ्यांतल्या मगरींची अंड्यातून निघालेली पिलं काठाच्या गवतात असतात. सुगरणींचे खोपे लोंबू लागतात, साग पांढऱ्या फुलांनी भरतो. उन्हाळाभर माणसांच्या नजरेखाली काढल्यावर या जंगलाला एवढा एकांत मिळायला हवा, असं मला वाटतं, आणि त्यात तडजोड नको.

‘पर्यटक आत असले की शिकाऱ्यांना वचक बसतो, बंद ठेवलं की रान मोकळं’ असा एक युक्तिवाद दरवर्षी कोणीतरी करतं. तो पुरता खोटा नाही, पण फार अपुरा आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात व्याघ्र पर्यटनाचा प्रश्न गेला, काही काळ गाभ्यातलं पर्यटन थांबवलं गेलं आणि त्यानंतर जी मार्गदर्शक तत्त्वं आली त्यांत गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन चालेल असं ठरलं. म्हणजे उरलेल्या ८० टक्के जंगलात आपली गाडी बाराही महिने नसतेच. ते जंगल राखतात वनरक्षक आणि वनमजूर, पायी. पावसाळ्यात नाले भरलेले, झुडपं डोक्याच्या वर, पाच पावलांवरचं दिसत नाही, साप आणि विंचू निघालेले, अशा वेळी ही माणसं संरक्षण कुटीत मुक्काम करून गस्त घालतात. २०२१ च्या नोव्हेंबरात कोलाऱ्याच्या जंगलात व्याघ्रगणनेच्या कामावर असलेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. वचक कोणाचा असतो आणि किंमत कोण मोजतं, हे आम्हाला त्या दिवशी पुन्हा समजलं.

तेव्हा ओळख काढून आत जाण्याचा विचार कृपया सोडून द्या. असं विचारून तुम्ही गेटवरच्या माणसाला अडचणीत टाकता, त्याला तुमचा शब्द मोडणंही जड आणि नियम मोडणंही.

आता बफर. ताडोब्याचा बफर २०१० मध्ये घोषित झाला. तो सुमारे ११०० चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे ६२५ चौरस किलोमीटरच्या गाभ्यापेक्षा बराच मोठा. पण ते रिकामं जंगल नाही. तिथे गावं आहेत, धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं आहेत, गुरं आहेत, शाळेत सायकलने जाणारी मुलं आहेत. पावसाळ्यात वाघ आणि माणूस दोघंही त्याच ओल्या, दाट झाडोऱ्यात वावरतात. सकाळी तुम्ही ज्या वाटेवर वाघाच्या पंज्याचा फोटो काढता, त्याच वाटेने दुपारी एखादी बाई शेतावर डबा घेऊन जाते. बफरच्या पर्यटनातून गावांना उत्पन्न मिळतं, गाईडचा आणि जिप्सीचालकाचा संसार चालतो, म्हणून बफरला जाऊच नका असं मी म्हणणार नाही. जा. पण गाभा बंद म्हणून गाभ्याची सगळी भूक बफरवर भागवू नका. एका मुक्कामात एक फेरी करा. चालकाला ‘लवकर घे, पुढे गाड्या थांबल्यात’ असं म्हणू नका. ३१ डिसेंबर २०२४ ला शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची दोन्हीकडून वाट अडवली. त्याची चित्रफीत देशभर फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालकांवर आणि गाईडवर कारवाई झाली. त्या गाड्यांमध्ये बसून ‘अजून जवळ घे’ म्हणणारे घरी सुखरूप गेले. बफरमधल्या पावसाळी फेरीत वाघ दिसण्याची शक्यता मुळात कमी. त्या फेरीत पक्षी बघा, फुलपाखरं बघा, दोन झाडांमध्ये हातभर जाळं विणून बसलेली मोठी रानकोळीण बघा. गाईडला तेवढं विचारून तर बघा, त्याला किती माहीत असतं ते कळेल.

आणि उरलेला वेळ? तो चंद्रपूर जिल्ह्याला द्या. इथेच मला तुमच्याशी भांडायचं आहे, कारण नागपूर-चंद्रपूर रस्त्याने हजारो पर्यटक येतात आणि शहराला वळसा घालून थेट रिसॉर्टला जातात. गोंड राजांच्या राजधानीजवळून तुम्ही जाता आहात याची कित्येकांना कल्पनाही नसते.

चंद्रपूरचा परकोट, म्हणजे जुन्या शहराभोवतीचा तट, सुमारे ११ किलोमीटरचा आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे, आणि पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे. जटपुऱ्याच्या दरवाजातून आजही शहराची रहदारी जाते. खांडक्या बल्लाळशाहाची आख्यायिका आमच्याकडे प्रत्येक मुलाला ठाऊक असते : अंगावरच्या फोडांनी हैराण झालेला राजा झरपट नदीचं पाणी प्यायला, बरा झाला, आणि त्याच परिसरात त्याला एक ससा शिकारी कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर कोट उभा राहिला, असं सांगतात. कोट अनेक वर्षं झुडपांनी आणि कचऱ्याने गिळला होता. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी रोज पहाटे येऊन बुरूज मोकळे केले, आणि आता तटावरून चालता येतं. पावसाळी सकाळी, ऊन नसताना, त्या तटावरून चाला. एका बाजूला जुनं शहर, दुसऱ्या बाजूला इरईच्या आणि झरपटीच्या काठचा हिरवा पट्टा.

अंचलेश्वर दरवाजापाशी गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यातली बीरशाहाची समाधी सगळ्यात भव्य. ती राणी हिराईने बांधली. नवऱ्याच्या मागे तिने राज्य सांभाळलं, महाकालीचं मंदिर उभं केलं. आपल्याकडे पतीने पत्नीसाठी बांधलेल्या वास्तूचं कौतुक जगभर होतं, पत्नीने पतीसाठी बांधलेली ही वास्तू मात्र ताडोब्याला जाणाऱ्यांच्या यादीत नसते. मला हे फार लागतं. शहराच्या लालपेठ भागात एकेका दगडात कोरलेल्या प्रचंड मूर्ती उघड्यावर आहेत, मंदिराचं काम अपुरं राहिलं आणि त्या तिथेच राहिल्या. त्याही बघा.

नागपूर रस्त्यावर भद्रावती लागते. विजासनच्या टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी आहेत, तीन दिशांना लांब आत गेलेली दालनं आणि प्रत्येकाच्या शेवटी बुद्धमूर्ती. बाहेर पावसाची झड लागलेली असताना आत उभं राहिलं की आपलाच श्वास ऐकू येतो. त्याच गावात भद्रनागाचं जुनं देऊळ आहे आणि पार्श्वनाथांचं मोठं जैन मंदिर. बौद्ध, जैन आणि नागपूजेची ठाणी एका छोट्या गावात, अर्ध्या दिवसात पायी-गाडीने होतात. नागपंचमीला भद्रनागाला लोटणारी गर्दी बघायची असेल तर दिवस त्याप्रमाणे ठरवा.

कोलारा द्वाराकडे उतरणारे चिमूरवरून जातात आणि चहापुरतेच थांबतात. १६ ऑगस्ट १९४२ ला याच चिमूरने इंग्रज सत्तेविरुद्ध उठाव केला होता. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेलं गाव होतं ते. माणसं गोळीला बळी पडली, पुढे गावाने जे सोसलं ते वाचून आजही घशाशी येतं. हुतात्मा स्मारकाशी दहा मिनिटं थांबा. ऑगस्टमध्ये येत असाल तर १६ तारखेला थांबा.

पूर्वेकडे वैनगंगा ओलांडली की मार्कंडा आहे, गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात. नदी इथे उत्तरेकडे वळते, म्हणून लोक हे स्थान पवित्र मानतात. काठावर शिवमंदिरांचा समूह, बाहेरच्या भिंतींवर थरांमागून थर शिल्पं. मुख्य मंदिरावर पूर्वी वीज पडून मोठी पडझड झाली आणि दुरुस्तीचं काम वर्षानुवर्षं चाललं आहे. तरीही जा. पाऊस थांबल्यावर ओल्या दगडावरची शिल्पं जशी उठून दिसतात तशी उन्हाळ्यात दिसत नाहीत. वरोऱ्याचं आनंदवन हे पर्यटनस्थळ नाही, ते बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांसोबत उभं केलेलं गाव आहे. तिथे बघायला जाण्यापेक्षा समजून घ्यायला जा, त्यांच्या हातमागाचं कापड विकत घ्या, आणि विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नका.

पण मला विचाराल तर जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे रोवणी. मूल, सिंदेवाही, नागभीड या पट्ट्यात मालगुजारांच्या काळातले जुने तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, भरल्या की बांध्यांत चिखलणी सुरू होते. बायका रांगेने वाकून धानाची रोपं रोवत मागे-मागे सरकतात, गाणी म्हणतात, दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, शिदोरी सोडतात. गाभ्यातले गाईड आणि जिप्सीचालक या तीन महिन्यांत कुठे असतात, असा प्रश्न कधी पडलाय का तुम्हाला? त्यातले बरेच जण इथेच, आपल्या किंवा दुसऱ्याच्या बांधीत असतात. ज्याने तुम्हाला मे महिन्यात वाघ दाखवला त्याला फोन करा. म्हणावं, आम्हाला तुझं गाव दाखव, तुझा तलाव दाखव, त्याचे पैसे घे. तुम्ही धुऱ्यावर उभे राहा, बांधीत उतरायचं असेल तर मालकाला विचारा, कामाच्या भरात असलेल्या बायकांसमोर कॅमेरा धरून उभे राहू नका. बंद पायताण घाला, गवतात साप असतात. दुपारी कोणाच्या घरी काटवलाची भाजी, तरोट्याची भाजी, सात्यांचा म्हणजे रानातल्या अळंबीचा रस्सा किंवा वास्त्यांची म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी मिळाली तर ती आमच्या पावसाळ्याची खरी मेजवानी. या सात्या आणि वास्ते आणायला माणसं जंगलात जातात आणि त्यातल्या काहींवर वाघाचे हल्ले होतात, हे ताटावर बसताना लक्षात असू द्या. ‘आम्हालाही सोबत न्या, मजा येईल’ असा हट्ट त्यांच्याजवळ करू नका. आणि रानातली अळंबी स्वतः ओळखून तोडायच्या फंदात तर अजिबात पडू नका.

श्रावणात बांबूच्या राख्या मिळतात, गावातल्या बायका करतात. चांगल्या टिकतात, घ्या. पोळ्याला आलात तर सजवलेले बैल बघायला मिळतील, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी बैल ओढत निघालेली पोरं.

काही ठिकाणांबद्दल मात्र सावध करते. घोडाझरी आणि असोलामेंढा हे तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागले की तिथे जत्रा भरते. लांबून बघा. सांडव्यावर उतरून सेल्फी काढताना दरवर्षी कुठे ना कुठे जीव जातो. चिमूर तालुक्यातला मुक्ताईचा धबधबा आणि रामदेगीचा परिसर जंगलातले आहेत, दिवसाउजेडी जाऊन दिवसाउजेडी परता. गडचिरोलीतल्या भामरागड-हेमलकशाचा बेत पावसाळ्यात करू नका. पर्लकोटा नदीला पूर आला की तिकडचा संपर्क तुटतो, मग तुमची सोय करण्यात त्या गावांची माणसं अडकून पडतात. आणि चंद्रपूर-मोहर्ली रस्त्यावर अंधार पडल्यावर गाडी जोरात चालवू नका. तो रस्ता बफरमधून जातो, जनावरं आडवी येतात.

वनविभागाकडे आणि पर्यटन महामंडळाकडेही आमचं एक मागणं आहे, ते या पत्रात सगळ्यांसमोर मांडते. गाभा बंद होण्याची सूचना आरक्षणाच्या पानावर येते तिथेच वर सांगितलेल्या ठिकाणांची माहितीही द्या. गाभ्यातल्या गाईडना या तीन महिन्यांसाठी परकोट, भद्रावती, मार्कंडा दाखवण्याचं प्रशिक्षण आणि ओळखपत्र द्या. माणसं तयार आहेत, भाषा येते, पर्यटकांशी वागण्याची सवय आहे. त्यांना पावसाळ्यातही याच कामातून चार पैसे मिळाले तर बफरमध्ये जास्तीत जास्त फेऱ्या लावण्याची ओढाताण आपोआप कमी होईल.

ज्यांनी जुलै-ऑगस्टचं बुकिंग आधीच केलं आहे आणि आता गाभा बंद म्हणून रद्द करायच्या विचारात आहेत, त्यांनी ते रद्द करू नये. रिसॉर्टवाल्याला सांगा की एकच फेरी ठेव, बाकी दोन दिवस गाडी आणि गावचा माणूस दे. आणि जे १ ऑक्टोबरची वाट बघत आहेत त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं : गाभा उघडतो तेव्हा गवत माणसाएवढं असतं, रस्ते ओले असतात, पाणी सगळीकडे असतं. पहिल्या आठवड्यात वाघ दिसला नाही तर गाईडला, चालकाला किंवा जंगलाला बोल लावू नका.

आपली,
चंद्रपूरची एक रहिवासी